तिरपी टीप आणि पेचकस

दुकानात बेल्ट एकच उरला होता आणि तो दोन हातांनी धरलेला होता. एक हात मिरीचा. दुसरा कुणाचा ते बघायला तिनं मान वर केली... आणि ती बरीच वर करावी लागली.

"सोडा," ती म्हणाली.

"आधी मी उचलला," तो म्हणाला.

"उचलला तुम्ही. पण आधी बघितला मी."

"नुसत्या बघण्याची पावती मिळते का कुठे?"

शिलाई यंत्रांच्या सुट्या भागांचं ते दुकान म्हणजे जेमतेम दहा पावलांची बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोके, मध्ये एका माणसाला सरळ आणि दोघांना आडवं होऊन चालता येईल एवढी जागा. म्हणजे हे दोघं आता फारच जवळ उभे होते. त्याच्या बाहीला यंत्राच्या तेलाचा वास होता. तिच्या केसांत लाल दोऱ्याचा तुकडा अडकला होता आणि समोरच्याची नजर त्या तुकड्यावर होती, हे तिला कळत होतं.

काउंटरमागच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आगीत तेल ओतलं. "सहासुईचा शेवटचा बेल्ट आहे बरं का! कंपनी बंद पडून अकरा वर्षं झाली. आता नवीन यायचा नाही."

सहासुई म्हणजे भरतकामाचं यंत्र. सहा सुया, सहा रंगांचे दोरे, छोटीशी स्क्रीन. चित्र निवडायचं, कापड फ्रेममध्ये ताणायचं, की यंत्र आपलं आपण भरत जातं. कंपनी गेली, सेवा केंद्रं गेली, पण यंत्रं मात्र चिवट. अजून शेकडो घरांत टकटकत होती.

"तुमचं काय अडलंय?" त्यानं विचारलं.

"नाट्यगृहाचा पडदा. मखमलीवर दोनशे चाळीस पाखरं. तुमचं?"

"आईचं यंत्र आहे. उशांचे अभ्रे भरते ती."

"मग तुम्ही जुनाच बेल्ट पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा आणि लावा. दोन आठवडे सहज काढेल. इंटरनेटवरच्या वहीत लिहिलंय तसं."

त्यानं कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं. "ते? ते मी वहीतून तीनदा काढलंय. अनावश्यक! कुणी तिरपी टीप नावाची बाई आहे, ती दर वेळी परत घालते. आणि कसं? म्हणे 'आजीच्या गुडघ्यासारखा आखडलेला बेल्ट शेकावाच लागतो!' ही काय माहिती झाली?"

मिरीच्या हातून बेल्ट सुटायचाच बाकी होता. कारण आजीचा गुडघा तिचाच होता. म्हणजे वाक्य तिचं होतं. आणि ते वाक्य काढून त्याजागी नुसतं 'अनावश्यक' लिहिणारा माणूस अख्ख्या वहीत एकच होता...

"तुम्ही पेचकस?" तिनं शक्य तितक्या साळसूदपणे विचारलं.

तो एकदम ताठ झाला. "तुम्ही वाचता माझं?"

"डोळ्यांखालून जातं कधीतरी. आणि ती तिरपी टीप... असेल हो कुणी म्हातारी."

"नक्कीच. साठीच्या पुढची, तपकीर ओढणारी."

मिरीनं ओठ घट्ट मिटून घेतले. हसू गालांतून बाहेर पडायला बघत होतं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं बेल्टवरची बोटं एकेक करून उचलली. "घ्या तुम्ही. पाखरं थांबायला नकोत." दाराशी जाऊन तो वळला. "आणि कोमट म्हणजे किती कोमट, हे लिहिलेलं नाही तिनं. म्हणून काढतो मी."

त्याच संध्याकाळी वहीच्या चौदाव्या पानावर एक ओळ वाढली. 'कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं.'

ती ओळ मात्र पेचकसनं काढली नाही.

*

मिरी हे नाव आत्यानं ठेवलेलं. दिसायला एवढीशी, पण दाताखाली आली की डोळ्यांतून पाणी. सत्ताविसावं सरत आलं तरी नाव चिकटलेलंच. आई-वडील दूर लहान भावाकडे राहायचे. मिरी आणि आत्या इथं, खाली भरतकामाचं दुकान आणि वर दोन खोल्या. आत्यानं सहासुई एका बंद पडलेल्या कारखान्यातून हौसेनं उचलून आणली होती, आणि मग ते धूड वर्षभर चादरीखाली झाकून ठेवलं होतं. चालवायचं कसं, हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीची पुस्तिका यंत्राबरोबर नव्हती, आणि असती तरी परक्या भाषेत असती.

मग एका दुपारी मिरीला इंटरनेटवर ती वही सापडली.

वही म्हणजे सहासुई वापरणाऱ्यांनी मिळून लिहिलेली पानं. कुणीही यावं, वाचावं, चुकलेलं दुरुस्त करावं, स्वतःला उमगलेलं वाढवावं. मिरी पहिलं पान वाचत होती. दोरा सारखा तुटतो, काय करावं? तिथं कुणीतरी लिहिलं होतं, 'आधी सुई उलटी बसली आहे का ते पाहा. माझी बसली होती.'

मिरी उठली, चादर काढली, बघितलं. सहापैकी चार सुया उलट्या!

ती पोट धरून हसली. ज्या अनोळखी माणसानं 'माझी बसली होती' एवढं कबूल केलं, त्याच्यावर तिचा जीवच जडला. शहाण्यानं खड्ड्याची लांबी-रुंदी सांगावी. पण खड्डा चुकवायचा असेल, तर नुकताच त्यात पडून आलेल्याला विचारावं, हे तिचं तेव्हापासूनचं ठाम मत. म्हणून तीन वर्षांत ती स्वतः जिथं जिथं पडली, ते सगळं तिनं वहीत लिहून ठेवलं. तिरपी टीप या नावानं.

आणि पेचकस ते कापत आला.

बेल्टच्या प्रसंगानंतर मात्र वहीतल्या चर्चेच्या पानावर वारं वेगळंच वाहू लागलं.

'पान चार. रुसणं, फुगणं, कुरकुरणं ही क्रियापदं काढली आहेत. यंत्राला भावना नसतात. — पेचकस.'

'पान चार. क्रियापदं परत घातली आहेत. वाचणाऱ्याला असतात. — तिरपी टीप.'

'पान नऊ. बॉबिनबद्दलचा तुमचा परिच्छेद चांगला आहे. पण अर्धा करा. — पेचकस.'

'पान नऊ. हाडं तुमची ठेवते, मांस माझं ठेवा. नुसत्या हाडांना जेवायला कोण बोलावतं? — तिरपी टीप.'

यावर दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. 'मान्य. पण मीठ कमी.'

मिरी एकटीच खुदकन हसली. आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "त्या फोनमध्ये गुदगुल्या आहेत का गं?"

आणि खरा गोंधळ असा, की पेचकस फोनमध्येच राहिला नाही. सुट्या भागांच्या काकांकडून पत्ता काढून आठवड्याभरात तो मिरीच्या दुकानात येऊन उभा राहिला. तो तंत्रशाळेत शिकवायचा. तिथल्या कार्यशाळेत नवा बेल्ट बनवून बघायचा होता, त्यासाठी मिरीच्या बेल्टचं माप हवं होतं. पहिलं माप चुकलं. दुसऱ्या बुधवारी परत आला. बेल्ट झाला, तेव्हा तो नीट बसतोय का बघायला आला. नीट बसला, तेव्हा नीटच बसून राहिलाय का बघायला आला. बुधवारी तंत्रशाळेला अर्धी सुट्टी असायची.

"हा मनुष्य मापं घ्यायला येतो की द्यायला?" आत्यानं एकदा विचारलं.

तो कमी बोलायचा. खुर्ची असून उभा राहायचा. मिरी दोरा दातानं तोडायची, तेव्हा त्याची नजर पटकन खाली जायची आणि... हळूच परत वर यायची. निळ्या मखमलीवर सोनेरी पाखरं उमटत होती. प्रत्येक वेगळं, कुणी पंख झाडणारं, कुणी मान वळवून बघणारं. एका पाखराला अकरा मिनिटं लागत. पण पेचकस समोर असला की मिरीला ती अकरा मिनिटं दोन-तीनच वाटायची.

आणि तो बोलला, की तिच्याबद्दलच बोलायचा. म्हणजे दुसरीबद्दल. म्हणजे... तिच्याबद्दलच!

"काल ती म्हणाली, माझं लिहिणं वाचून यंत्रसुद्धा जांभई देईल."

"फारच आगाऊ दिसते."

"आहेच. पण बरोबर म्हणते." तो यंत्राकडे बघत राहिला. "खरं सांगू का? सकाळी उठलो की आधी तिनं काय लिहिलंय ते बघतो. त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. ती साठीची नसती ना..."

"नसती तर?"

त्यानं मिरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "जाऊ द्या," तो म्हणाला. "मलाच कळत नाहीये."

"हो का?" मिरी म्हणाली, आणि तिच्या हातातली बॉबिन घरंगळत पार दाराबाहेर गेली.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पहिल्या दिवशी गंमत होती ती आता अंगाशी आली होती. स्वतःचाच मत्सर करण्याची पाळी तिच्यावर आली होती, आणि हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

*

पडद्याची शहाण्णव पाखरं झाली होती आणि नाट्यगृह उघडायला नऊ दिवस उरले होते, त्या सकाळी यंत्र थांबलं.

मिरीनं बटण दाबलं. स्क्रीन उजळली. त्यावर परक्या भाषेतली दोन वाक्यं आली, आणि सुया जागच्या हलल्या नाहीत. तिनं फोनवर अर्थ शोधला. 'मुदत संपली. सेवा केंद्राशी संपर्क साधा.'

"कुठलं सेवा केंद्र?" आत्या म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी वर गेलेलं?"

मिरीनं वही उघडली. चर्चेचं पान भरून वाहत होतं. सगळ्यांची यंत्रं थांबली होती. सगळ्यांची, त्याच सकाळी. कुणाच्या शाळेच्या बिल्ल्यांचं काम अर्धवट होतं, कुणाचा अख्खा संसार त्या सहा सुयांवर होता. कुणी लिहिलं होतं, 'संपलं आपलं.' खाली वीस जणांनी नुसतं 'हो' लिहिलं होतं.

आत्यानं सुई-दोरा घेतला आणि एक पाखरू हातानं भरायला बसली. दुपार झाली तेव्हा त्याचा एक पंख झाला होता.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पेचकसनं शोधून काढलं. यंत्राच्या पोटातलं घड्याळ कंपनीनं एका ठरावीक तारखेपर्यंतच चालवलं होतं. तारीख मागे नेली की यंत्र जागं होणार. त्यानं वहीत सहा ओळी लिहिल्या. 'सेवा-पटल उघडा. तारीख मागे घ्या. जतन करा...'

तासाभरात निळी रीळ नावाच्या बाईनं लिहिलं, 'मी केलं. माझी सगळी चित्रं पुसली गेली. नऊ वर्षांची.'

त्यानंतर कुणी हात लावायला धजेना.

मिरीनं चपला घातल्या आणि तडक तंत्रशाळा गाठली. कार्यशाळेत तो एकटा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"तुमच्या सहा ओळींत चाळीस पायऱ्या लपल्यात," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्हाला त्या दिसत नाहीत, कारण तुम्ही त्यांवरून उड्या मारत जाता. बाकीचे गडगडत खाली येतायत. मला तुमच्याबरोबर बसू द्या. तुम्ही सांगा, मी करते, आणि जिथं जिथं चुकते ते ते लिहून काढते."

"तुम्ही?" तो थकून म्हणाला. "ते तिरपी टीपला जमलं असतं. पण ती तीन दिवस गप्प आहे."

"गप्प नाहीये." मिरी म्हणाली. "इथं उभी आहे."

कुठंतरी घंटा झाली. मुलांचा लोंढा बाहेरून आरडाओरडा करत गेला. पेचकसचे कान लाल झाले, मग सगळा चेहरा. त्यानं वळून टेबलावरचा पाना उचलला, उगीचच पुसला, परत ठेवला.

"उद्या सकाळी नऊला," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आईकडे. यंत्र तिथं आहे."

*

रविवारी सकाळी मिरी आत्याला घेऊन गेली. पेचकसची आई दारातच उभी होती. मिरीकडे तिनं वरपासून खालपर्यंत एकदा आणि खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं, आणि चहा टाकायला आत गेली.

तो मिरीशी कामापुरतं बोलत होता. 'हे दाबा.' 'ते नको.' तिच्या नजरेला नजर मात्र देत नव्हता. ती चुकायची, थांबायची, लिहायची. निळ्या रीळची चित्रं का गेली, तेही अकरा वाजेपर्यंत सापडलं. वर्ष एकदम मागे नेलं की यंत्र घाबरून सगळं पुसतं. एकेक वर्ष करत नेलं की पुसत नाही. पेचकसनं स्वतः नकळत एकेक करतच नेलं होतं, म्हणून त्याचं वाचलं होतं, आणि म्हणूनच ते लिहायचं राहून गेलं होतं. तो डोक्याला हात लावून खाली बसला.

"माझ्यामुळे गेली त्या बाईची चित्रं."

"आपण परत मिळवून देऊ," मिरी म्हणाली. "आधी बाकीच्यांची वाचवू."

दुपारी बारापर्यंत पान तयार झालं. मिरी म्हणाली, "आता आत्या."

"मी?" आत्या दचकली. "मी त्या डब्याला उभ्या जन्मात बोट लावलेलं नाही!"

"म्हणूनच."

आत्या यंत्रासमोर बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. "डावीकडची खालची दोन बटणं दाबून धरा... कुणाच्या डावीकडची? माझ्या की यंत्राच्या?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मिरीनं लिहिलं, 'तुम्ही समोर बसल्यावर तुमचा डावा हात जिकडे, तिकडची.'

"दहा मोजेपर्यंत सोडू नका... एकदोनतीनचारपाचसहासातआठनवदहा! सोडलं. काही झालं नाही."

"आत्या, इतकं भराभर कोण मोजतं?"

"मी मोजते!"

पेचकसनं वाक्य खोडलं. 'स्क्रीनवर निळा चौकोन दिसेपर्यंत सोडू नका.' मग आत्या म्हणाली, "कसला निळा? मला तर सगळं धुकंच दिसतंय," आणि तिचा चष्मा स्वयंपाकघरात राहिल्याचं लक्षात आलं. त्याची आई चष्मा आणायला धावली. पेचकस मान खाली घालून काहीतरी टाइप करत होता. मिरीनं वाकून बघितलं. पानाच्या सगळ्यात वर त्यानं लिहिलं होतं, 'पायरी एक. आधी चष्मा लावा. आमच्या घरी राहिला होता.'

मिरीला हसू आलं. त्यालाही आलं. क्षणभरच... मग तो पुन्हा स्क्रीनकडे वळला.

चौथ्या फेरीला आत्यानं कुणालाही काही न विचारता चव्वेचाळीस पायऱ्या पार केल्या. यंत्रानं एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला, सहाही सुया एकदा खाली आल्या, वर गेल्या, आणि टकटक, टकटक सुरू झालं.

आत्या खुर्चीवरून उठली. "मी केलं!" ती ओरडली. "अहो, मी केलं!" आणि तिनं पेचकसच्या आईला मिठीच मारली. दोघींची ओळख होऊन चार तास झाले होते.

पान वहीत चढलं. पाच मिनिटं शांतता. दहा मिनिटं. मिरीनं नखं खाल्ली. मग पहिली ओळ आली. 'चालू झालं.' लगेच दुसरी. 'इथंही!' मग पाऊस पडावा तशा ओळी पडू लागल्या. कधी एक अक्षर न लिहिलेली माणसं लिहू लागली. एका डावखुऱ्यानं त्याच्या हातानं बटणं कशी धरावीत ते वाढवलं. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी सगळं पान दुसऱ्या भाषेत उतरवलं. एका बाईनं सगळ्या पायऱ्या बोलून दाखवल्या आणि तो आवाज पानाला जोडला, कारण तिच्या शेजारणीला दिसत नव्हतं. मंगळवारी चालू झालेल्या यंत्रांचा आकडा दोनशे सत्त्याऐंशीवर गेला. निळ्या रीळसाठी मिरीनं हाक घातली, आणि वर्षानुवर्षं तिच्याकडून चित्रं मागून नेलेल्या माणसांनी आपापल्या यंत्रांतून ती परत पाठवली. 'माझ्याकडे होती त्यापेक्षा चार जास्तच आलीत,' तिनं लिहिलं. 'ही कुणाची आहेत? असू देत. ठेवून घेते.'

दुकानातली सहासुईही सुसाट निघाली. रोज चोवीस पाखरं. आणि पेचकस... बुधवार आला आणि गेला. तो आला नाही.

*

शेवटचं पाखरू भरून झालं त्या दुपारी मिरी पुन्हा तंत्रशाळेत गेली. दुसऱ्या दिवशी नाट्यगृह उघडायचं होतं. जेवणाची सुट्टी होती. मागच्या अंगणात तो एका मोडक्या बाकावर एकटाच बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"रागावलात?"

"नाही."

"मग आला का नाहीत?"

"लाज वाटली." तो उठला. "तुम्हाला कळतंय का काय झालं ते? मी तुमच्यासमोर बसून, तुमच्या डोळ्यांत बघून सांगत होतो, की एका बाईनं लिहिलेलं वाचल्याशिवाय मला करमत नाही. आणि बुधवारची वाट बघत होतो ती तुमच्यासाठी! दोन महिने मी स्वतःला लफंगा समजत होतो. आईला सांगितलं, मला दोघीजणी आवडतात. तिनं आठवडाभर अबोला धरला! आणि तुम्ही... तुम्ही काय म्हणालात? 'हो का'!"

मिरीनं तोंडावर हात धरला. हसू आणि रडू एकदमच आलं होतं, कुणाला आधी सोडावं कळेना.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मजा वाटली. नंतर भीती वाटायला लागली. तुम्हाला ती आवडायला लागली होती. ती मीच, हे कळल्यावर तुम्ही म्हणाला असता, एवढीच का? लिहिताना माणूस जरा उंच दिसतो."

"तुम्ही माझ्या खांद्याच्या दोन बोटं खाली आहात. दुकानात पहिल्याच दिवशी बघितलंय मी. मला त्याहून उंच नकोय."

वाऱ्यानं अंगणातली वाळकी पानं गोळा केली आणि पुन्हा विस्कटली. तो थांबला नाही. जन्मभराचं साठवलेलं बोलून टाकायचं ठरवल्यासारखा बोलत राहिला.

"मला तुम्ही आवडता. भांडणारी, लिहिणारी, दोरा दातानं तोडणारी, आत्याच्या पाठीमागे उभी राहून श्वास रोखून धरणारी. आयुष्यभर मला वाटत आलं, की ज्याला येतं त्यानं नीट सांगितलं की झालं. समोरच्याला कळलं की नाही, हे त्याचं नशीब. तुम्ही मला त्याच्या शेजारी बसायला लावलंत. मला आता तिथून उठायचं नाहीये. तुमच्याशेजारून तर नाहीच नाही. दोघी एकच निघालात, तर मला आनंदानं उडी मारायला हवी होती, आणि मी चार दिवस लपून बसलो. एवढा मी मूर्ख आहे, हेही आधीच सांगून ठेवतो."

आत्या असती तर तारीख लिहून ठेवली असती.

"तू..." ती शेवटी म्हणाली. तो 'तू' कधी आणि कसा बाहेर पडला, तिलाही कळलं नाही. "तू इतकं बोलतोस?"

"आजच बोललो. घसा दुखतोय."

"मग आता मी बोलते. लग्न करशील माझ्याशी?"

त्यानं डोळे मिटले, उघडले. "हो," तो म्हणाला. आणि ते एकच अक्षर त्यानं असं काही म्हटलं, की मिरीनं तिथल्या तिथं, भर अंगणात, त्याचा तेलकट हात दोन्ही हातांत घट्ट धरला. खिडकीतून तीस मुलांनी एकदम शिट्ट्या मारल्या.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह खच्चून भरलं. उभं राहायलाही जागा नव्हती. वहीतली नऊ माणसं कुठून कुठून आली होती. आतापर्यंत नुसती नावं ठाऊक असलेली, आता पहिल्यांदाच चेहरे दिसत होते. पोस्टमास्तर टाय लावून आले होते. निळी रीळ चांगली सहा फूट उंच निघाली आणि तिनं मिरीला उचलून गोल फिरवलं.

तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले, आणि मग पडद्यावर एकच झोत आला.

गर्द निळ्या मखमलीवर दोनशे चाळीस सोनेरी पाखरं खालपासून वरपर्यंत उधळत गेली होती. एक आत्यानं हातानं भरलेलं होतं, आणि कुठलं ते ओळखणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. सभागृहात कुणीतरी 'अरे वा!' म्हणालं. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. नाटक सुरू व्हायच्या आधी, नुसत्या पडद्याला टाळ्या! पडदा वर घेणाऱ्यानं दोरीवरचा हात काढून घेतला आणि तोही वाजवत सुटला.

पुढच्या रांगेत आत्या उभी होती, तिच्या शेजारी पेचकसची आई, मागे मिरी आणि तिच्यापुढे बरोबर मध्ये पेचकस. उंच, ताठ आणि टाळ्या वाजवण्यात गर्क.

"अरे, सरक ना तू जरा!" मिरी त्याच्या पाठीत कोपर मारत ओरडली. "तुझ्यामुळे काही दिसत नाहीये मला!"

त्यानं टाळ्या सोडून तिचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी ओढलं. त्या गडगडाटातही आत्याच्या कानांनी तो 'तू' बरोबर टिपला. तिच्या टाळ्या थांबल्या. ती सावकाश वळली. मिरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग दोघांच्या एकमेकांत अडकलेल्या बोटांकडे. मग तिनं शेजारी बघितलं. पेचकसच्या आईचेही डोळे तिथंच होते आणि ते आधीच पाण्यानं भरले होते.

आत्यानं पदर सावरला, आपली खुर्ची झटकली आणि तिच्याकडे वळून म्हणाली, "बसा, विहीणबाई. आता जरा निवांत बसू. पोरांनी आपलं काम केलंय."